सूर्य म्हणजे उन्हाळा

कोरीट गावात दलपतआप्पांना काही समजावून सांगायच्या भानगडीत कोणी पडत नसे. आप्पांचं वय पासष्ट, केळीची बाग सात बिघे, कापूस त्याहून जास्त, आणि मत प्रत्येक गोष्टीवर. ठिबकची नळी कशी अंथरायची हे त्यांनी ठिबक कंपनीच्या माणसाला सांगितलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरला आपल्या चष्म्याचा नंबर त्यांनी स्वतःच सांगितला, आणि डॉक्टर त्या दिवशी दमलेला असल्यामुळे तोच नंबर त्यांना मिळालाही. तेव्हापासून लांबचं जरा पुसट दिसे. पण आप्पा म्हणत, "पहिलासारखा उजेडच नही ऱ्हायना आते."

या फेब्रुवारीत आप्पांनी घरात एसी बसवला.

त्याचं असं झालं की नंदुरबारच्या मिरची बाजारात एका व्यापाऱ्याच्या केबिनमध्ये ते तासभर बसले होते. बाहेर पथारीवर पसरलेल्या लाल मिरच्यांनी माणसांची नाकं वाहत होती, आणि आत आप्पांच्या अंगावर थंडीने काटा आला होता. एवढा गारवा एका मिरचीवाल्याकडे असावा आणि आपल्याकडे नसावा, ही गोष्ट त्यांना परतताना रिक्षात सहन झाली नाही. त्यांनी रिक्षा तशीच दुकानाकडे वळवली. दुकानदार साधा एसी दाखवू लागला तर आप्पांनी थंड आणि गरम दोन्ही करणारा मागितला.

"आप्पा, आपल्याकडे गरमचं काय काम?" दुकानदार म्हणाला. "नंदुरबारात हीटर कोणी घेत नाही."

"हिवाळामा तोरणमाळनं वारं मन्हा दारवर येस," आप्पा म्हणाले. "तुले काय माहीत."

चार दिवसांनी माणूस येऊन मशीन बसवून गेला. जाताना तो रिमोट कसा वापरायचा ते समजावू लागला, तेव्हा आप्पांनी त्याला हातानेच थांबवलं. "चाळीस वरीस व्हयनात मन्हा मोटरपंपले. बटन माले नको शिकाडू." तो माणूस समजूतदार होता. त्याने रिमोट सूनबाईच्या हाती दिला, चहा प्यायला आणि गेला.

आप्पांनी रिमोट नंतर एकट्याने नीट पाहिला. त्यावर एक लहानसा सूर्य होता आणि एक बर्फाची चांदणी होती. हे त्यांना लगेच उमगलं. सूर्य म्हणजे उन्हाळा आणि चांदणी म्हणजे हिवाळा. उन्हाळ्यात सूर्य लावायचा, म्हणजे बाहेर ऊन आहे हे मशीनला कळतं आणि ते घर गार करतं. हिवाळ्यात चांदणी लावली की ऊब. आणि आकडा मोठा तेवढा जोर जास्त, हे तर पंपाचंच गणित. आप्पांनी सूर्य लावला, आकडा सर्वांत वर तीसवर नेला आणि रिमोट देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर टांगला.

खरं तर सूर्याचा अर्थ घर तापवणं असा होता. पण ते मशीन करणाऱ्यांनी आप्पांना विचारलेलं नव्हतं.

धुळवडीनंतर दोन दिवसांनी सकाळी नऊ वाजता त्यांनी गल्लीतली चार माणसं बोलावून एसीचं उद्घाटन केलं. नारळ फुटला. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. मोटर रिवाइंडिंगचं दुकान असलेला भटू सोफ्यावर अगदी मशीनखाली बसला. समोर हेमकांत. हेमकांतचा बांध आप्पांच्या बांधाला लागून होता, त्यामुळे तो जन्मभर आप्पांची प्रत्येक गोष्ट जवळून बघत आला होता. आप्पांनी बटन दाबलं. हिरवा दिवा लागला, पंखी हळूच उघडली आणि हवा येऊ लागली. सकाळची वेळ, हॉल तसा बरा होता. दहा मिनिटांत भटूच्या कपाळावर घाम आला.

"गरम येस," भटू म्हणाला.

"येईच," आप्पा म्हणाले. "आधी घरनी गरमी बाहेर काढस ते."

हेमकांतने उपरण्याने मान पुसली. "आप्पा, गरमी बाहेर निघी ऱ्हायनी, ते मन्हा तोंडवर काबर येस?"

"तू रस्तामा बठेल शे म्हणीसन."

हेमकांत उठून दुसऱ्या खुर्चीवर बसला. तिथेही तसंच. आप्पांच्या पत्नी रूपीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या काहीतरी बोलायला पुढे आल्या, तर आप्पांनी त्यांना चहा मांडायला सांगितलं. अर्ध्या तासाने हॉल इतका तापला की मशीन आपोआप गप्प झालं. आप्पांनी सगळ्यांकडे समाधानाने पाहिलं. "समदी गरमी निघी गई. आते बंद व्हयनं." लोकांनी गरम चहा प्यायला आणि बाहेर लिंबाखाली जाऊन सुटकेचा श्वास सोडला. बाहेर गार वाटलं. आप्पांनी तोही मशीनचाच गुण धरला.

पण माणूस स्वतःला किती दिवस समजावणार. मार्च संपत आला तसा एक चमत्कार आप्पांच्या लक्षात येऊ लागला. संध्याकाळी शेतातून येऊन त्यांनी हॉलमध्ये पाय ठेवला की छान गार वाटे. बाहेर लू चाललेली, आणि आत मातीच्या माठासारखा गारवा. हा गारवा घराच्या बांधणीचा, असं त्यांनी ठरवलं. भिंती नऊ इंची त्यांनीच धरायला लावल्या होत्या, गवंडी सहा म्हणत होता. मग ते सोफ्यावर टेकत, रिमोट खुंटीवरून काढत, मशीन सुरू करत, आणि दहा-पंधरा मिनिटांत तो सगळा गारवा नाहीसा होई.

"घर चांगलं शे," ते भटूला म्हणाले. "मशीन खराब शे. मी केलेलं थंडं ते गरम करी टाकस."

भटू दुसऱ्या दिवशी आला. त्याने आयुष्यभर बोअरच्या मोटरी उघडल्या होत्या, एसी कधीच उघडला नव्हता, पण आप्पांच्या दारात नाही म्हणायची सोय नव्हती. तो बाहेरच्या भिंतीला लावलेल्या मोठ्या डब्याकडे गेला, त्यावर लांब पेचकस टेकवून दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "गॅस उडी गया."

या निदानाने सगळ्यांची सोय झाली. मशीनचा दोष निघाला, आप्पांचा नाही. गावातही ते पसरलं, कारण जो येई तो आधी तेच विचारी, "गॅस चेक कया का?" जणू ते गोबरगॅसचं टाकं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक झालं. संध्याकाळी आप्पा आले तर सोफ्याचा एक कोपरा भिजलेला. मशीनखालून पाणी टपकत होतं. मयूरी, म्हणजे त्यांची सून, पोतेरं घेऊन उभी होती. ती विज्ञान शिकलेली, शहाद्याच्या कॉलेजातली, पण सासऱ्यासमोर ती पोतेरंच धरी.

"आप्पा, आतमध्ये बर्फ जमला होता," ती म्हणाली. "फिल्टर का काहीतरी असतं, ते चोंदलं असेल. माणूस बोलवायला पाहिजे."

आप्पांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. "बर्फ?"

"हो."

"मंग गॅस थोडा शे अजून. उडना नही पूर्ण." ते खोलीत दोन फेऱ्या मारून आले. "बाहेरना डबडा उन्हमा शे, तोच घोळ शे. कापूर उन्हमा ठेवा, काय व्हस? उडी जास. तसाच गॅस."

मयूरीने रूपीबाईंकडे पाहिलं. रूपीबाई लसूण सोलत होत्या, त्या सोलत राहिल्या. मशीन आपण शेतात असताना आतून गोठलं कसं, हा प्रश्न आप्पांना पडला नाही. त्यांना उत्तर आधी सापडलं होतं, आणि उत्तर सापडलं की प्रश्नाकडे ते सहसा परत जात नसत.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. बाहेरच्या डब्याभोवती तीन बाजूंनी विटांची भिंत उभी राहिली, वर पत्रा आला, आणि समोरच्या भिंतीत प्लायवूडचं दार. दाराला कडी आणि कडीला कुलूप, कारण तांब्याच्या नळ्या चोरीला जातात असं आप्पांनी ऐकलं होतं. आतून ओली पोती टांगली. किल्ली आप्पांच्या करगोट्याला. जाणारा-येणारा विचारी, "आप्पा, देऊळ बांधं का?" आप्पा सांगत, "गॅसनं घर शे ते."

गॅसचं घर पुरं झालं आणि चौथ्या दिवशी आप्पांच्या घराची बांधणी बिघडली. म्हणजे संध्याकाळी ते आले तर हॉल तापलेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. नऊ इंची भिंती एकाएकी कशा थकल्या हे त्यांना कळेना. घरातल्या बायका चिडचिड्या झाल्या होत्या. रूपीबाईंनी भाकरी करपवली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. गल्लीतली दगूबाई, जी नात्याने आप्पांची चुलती लागे आणि वयाने ऐंशीच्या पुढे होती, ती ओट्यावर बसून आप्पांना म्हणाली, "दलपत, ते बाहेरना खोपा पाडी टाक रे."

"मोठी माय, तुले काय करनं शे त्यानं?"

दगूबाई काठी आपटत निघून गेली.

मग हेमकांतने एसी आणला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, चार दिवस आधी, साधा, फक्त थंड करणारा. आप्पा पाहायला गेले, कारण न जाणं दिसलं असतं. हेमकांतच्या खोलीत बसून त्यांना थंडी वाजली. तिथल्या रिमोटवर सूर्य नव्हताच. आप्पांनी हेमकांतला सांगितलं की तुन्हा हलका शे, दोन वरीसमा बंद पडी, आणि घरी येऊन पाणी प्यायले. दोन तांबे.

आखाजी उलटल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक मुलगी स्कूटीवरून दारात उतरली. पंचविशीची, डोक्याला ओढणी, पाठीवर अवजारांची पिशवी, स्कूटीला बांधलेली लहान शिडी. आप्पा ओट्यावरच होते.

"दलपत पाटील यांचं घर ना? एसीची तक्रार होती."

"तक्रार?" आप्पांनी आत पाहिलं. "कोणी कई?"

"ललितनी सांगितलं फोनवर," आतून मयूरी घाईने म्हणाली. ललित म्हणजे आप्पांचा मुलगा. त्याचं नंदुरबारला बियाण्यांचं दुकान होतं, आणि न पटणारी प्रत्येक गोष्ट घरात त्याच्या नावावर टाकायची पद्धत होती.

आप्पांनी रस्त्याकडे नजर टाकली. "बरं. मिस्त्री मागून येस का?"

"मीच मिस्त्री," ती म्हणाली. "रूथ गावित. नवापूरकडची."

आप्पांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की एवढ्या लांबून आलेल्या पोरीला पाणी विचारलेलं नाही. त्यांनी पाणी मागवलं आणि पाणी येईपर्यंत तिला सगळा रोग सांगितला. गॅस, कापूर, ऊन, भटूचं पेचकस, बर्फ. रूथने पाणी पिताना सगळं ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची तिला सवय असावी.

"बाहेरचं युनिट दाखवा, काका."

आप्पांनी करगोट्याची किल्ली काढून कुलूप उघडलं. प्लायवूडचं दार बाजूला होताच आतून अशी वाफ आली की आप्पा स्वतःच एक पाऊल मागे सरले. ओल्या पोत्यांचा कुबट वास सुटला. रूथ खाली बसली, आत हात घालून तिने डब्याला बोट लावलं आणि लगेच काढलं.

"काका, हे यंत्र घरातली गरमी ओढून इथून बाहेर फेकतं. म्हणून याला मोकळी हवा लागते. तुम्ही याचं नाक-तोंड बांधलंय. ते आपलीच गरम हवा परत ओढतं, तापतं, आणि जीव वाचवायला बंद पडतं."

"उन्हमा गॅस उडस."

"गॅस नळीत बंद असतो. नळी फुटल्याशिवाय उडत नाही." तिने पिशवीतून दोन घड्याळं असलेलं मीटर काढून नळीला जोडलं, मयूरीला आतून मशीन थंडवर लावायला सांगितलं, आणि काटा आप्पांना दाखवला. "हे बघा. गॅस पूर्ण आहे."

आप्पांना काटा पुसट दिसला, पण त्यांनी मान हलवली.

"वरचा पत्रा चांगला आहे," रूथ म्हणाली. "सावली असावीच. फक्त दार आणि पोती काढा, आणि समोरची भिंत दोन हात मोकळी करा."

एवढं एक वाक्य आप्पांनी पक्कं धरून ठेवलं. पुढे महिनाभर ते गावात हेच सांगत होते, की त्या पोरीने मन्हा पत्राले बरोबर म्हणं.

मग ती आत आली. शिडी लावून तिने हॉलमधल्या मशीनचं झाकण वर उचललं आणि दोन जाळ्या सरकवून बाहेर काढल्या. आप्पा खाली मान वर करून उभे होते. जाळी काढताच ते शिंकले. मग रूथ शिंकली. मग मयूरी.

जाळीवर वाकळेएवढा जाड थर बसला होता. रूथने तो बोटाने उचलला तर घोंगडीचा निघावा तसा अख्खा तुकडा हातात आला. खाली करडा, वर लालसर. तिने उजेडात धरून पाहिलं.

"यात मिरची आहे," ती म्हणाली. "आणि दोरे आहेत. इथे कोणी गोधडी शिवतं का?"

 स्वयंपाकघराच्या दारात रूपीबाई होत्या. त्यांच्या मागे दगूबाई कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"आठे कोण शिवी?" आप्पा म्हणाले. "मशीन चालतंच नही."

"चालतं काका. बंद मशीनच्या जाळीवर एवढं बसत नाही. हे रोज तीन-चार तास चाललेलं आहे, महिना-दीड महिना. आणि थंडवर, म्हणून तर बर्फ जमला. गरमवर कधी बर्फ जमत नाही." तिने खुंटीवरचा रिमोट मागितला. मयूरीने घाईत मगाशीच तो पुन्हा जागेवर लावून ठेवला होता. रूथने काचेवर पाहिलं. तिथे सूर्य होता आणि तीसचा आकडा होता.

 मग ती शिडीवरून उतरून आप्पांच्या अगदी जवळ आली आणि आवाज खाली आणला, म्हणजे इतका की दारातल्या बायकांना ऐकू जाऊ नये. "काका, सूर्य म्हणजे गरम. चांदणी म्हणजे थंड. पुष्कळ लोकांचा असा घोळ होतो."

पुष्कळ लोकांचा होत नसणार, हे आप्पांना कळलं. त्यांनी त्या लालसर थराकडे पाहिलं. त्यात एक केशरी दोरा अडकला होता, दगूबाईच्या गोधडीला चाललेला. दोन मिरचीच्या बिया होत्या. आणि मग त्यांना एकेक दिसू लागलं, चष्म्याशिवायही. दुपारी ते शेतात गेले की गल्लीतल्या बायका वाटीत दोरा आणि सुपात मिरच्या घेऊन येत असणार. चांदणी लागत असणार. वर्षाच्या तिखटाच्या मिरच्यांचे देठ या गारव्यात खुडले गेले, म्हातारीने इथेच पाय पसरून टाके घातले, आणि पाच वाजता सगळं झाडून-पुसून सूर्य परत जागेवर. घराच्या बांधणीचा म्हणून त्यांना मिळणारा तो सगळा गारवा बायकांचा उरलेला होता.

रूथने जाळ्या अंगणात नेऊन धुतल्या, आतली कॉइल ब्रशने साफ केली, पाणी जायच्या नळीत फुंकर मारून मातीचा गोळा काढला. हे सगळं होईपर्यंत आप्पा एका जागी बसून होते. त्यांनी एकदाही सल्ला दिला नाही. निघताना रूथ एवढंच म्हणाली, "जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. वाळली की मगच लावा." मग मशीन सुरू झालं. पाच मिनिटांत हॉल गार झाला. कोणी आत येऊन बसेना.

दुपारी आप्पांनी स्वतः पहार घेऊन गॅसच्या घराची समोरची भिंत पाडली. हेमकांत बांधावरून आला. "काबर पाडी ऱ्हायनात?"

"हवा लागस त्याले," आप्पा म्हणाले. "तुन्हा डबडा पण मोकळा ठेव."

हेमकांतने डोकं खाजवलं. त्याचा डबा मोकळाच होता.

संध्याकाळी जेवताना आप्पा आणि रूपीबाई दोघंच होते. ललित अजून दुकानातून यायचा होता, मयूरी मागे गोठ्यात. आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"ललितनी माय, तुले पहिलेपासून माहीत व्हतं?"

"मशीनवाला मयूरीले सांगी गया व्हता."

"मंग माले काबर नही सांगं?"

"तीन दाव सांगं." रूपीबाईंच्या आवाजात राग नव्हता. गेल्या वर्षीचा पाऊस सांगावा तसं त्या सांगत होत्या. "पहिला दाव तुम्ही आंघोळले जाई ऱ्हायंतात. दुसरा दाव तुम्ही बोलनात, माले शिकाडू नको. तिसरा दाव मयूरीकडून बोलाडं, तर तुम्ही तिलेच केळीना भाव सांगत बठनात."

आप्पांना केळीचा भाव आठवला. तो बरोबर होता.

"आणि रोज सूर्य परत कोण लाये?"

"मयूरी. मीच सांगेल व्हतं. तुम्ही लायेल शे, ते तसंच सापडो." त्यांनी आप्पांच्या ताटात कांदा ठेवला. "दोन दिवस चांदणीवर ठेयी पाहं व्हतं. तुम्ही येताच परत सूर्य लाया, आणि बोलनात, कोणी मन्हा रिमोटले हात लाया. मंग आम्हीच नाद सोडी दिना."

आप्पांना हेही आठवलं. त्यांनी त्या दिवशी आवाज चढवला होता. चाळीस वर्षांत असं किती वेळा घडलं असेल, किती गोष्टी हे घर त्यांच्या मागे चांदणीवर चालवून ते यायच्या आधी सूर्यावर ठेवत आलं असेल, हे मोजायला ते बसले आणि थोड्याच वेळात त्यांनी मोजणं सोडून दिलं. ठिबक आठवलं. विहिरीची जागा आठवली. ललितच्या दुकानाचं नाव आठवलं, जे त्यांनीच ठेवलं होतं आणि जे पाटीवर कुठेच नव्हतं.

"वरण वाढ," ते म्हणाले.

रूपीबाईंनी वाढलं.

त्यानंतरचे काही दिवस गल्लीत जरा अवघडलेले गेले. दुपारच्या बायका येईनात. आप्पा स्वतः म्हणाले, "येऊ द्या ना त्यांले," तरी येईनात, कारण आप्पाही आता दुपारी घरीच असत आणि त्यांच्यासमोर पाय पसरता येत नसत, सुनांची गाऱ्हाणी तर मुळीच सांगता येत नसत. चार दिवस त्या गार हॉलमध्ये आप्पा एकटेच बसले. मिरचीवाल्याच्या केबिनमधल्यासारखाच काटा अंगावर येत होता, पण तो दाखवायला कोणी नव्हतं. पाचव्या दिवशी दगूबाई काठी टेकत आली, उंबऱ्यातूनच म्हणाली, "दलपत, तुन्हा केळीले पाणी नही का?"

आप्पा तिच्याकडे पाहत राहिले. मग उठले, टोपी घातली आणि बारा वाजताच्या उन्हात शेतात गेले. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही, पण गल्लीतून दारं उघडल्याचे आवाज त्यांच्या कानावर पडत होते.

जाळी मात्र ते स्वतः धुवू लागले. दर पंधरवड्याला, अंगणात, दातांच्या जुन्या ब्रशने. ते काम दुसऱ्या कोणाला जमत नाही असं त्यांचं मत होतं, आणि या मताला घरात कोणी विरोध केला नाही.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी आप्पा केळीच्या बागेत दोन ओळींच्या मध्ये शिरले, आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं आणि फोन लावला.

"हॅलो, रूथबेन का? मी कोरीटहून दलपत पाटील."

"बोला काका. पुन्हा बिघडलं का?"

"नही, नही. झकास चाली ऱ्हायनं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "बेन, त्या रिमोटवर सूर्यना आणि चांदणीना बाजूले पाणीना एक थेंब शे. तो कसाना?"

"तो पावसाळ्यासाठी, काका. बाहेर दमट असतं ना, तेव्हा लावायचा. हवेतली ओल काढतो."

 वर केळीची पानं एकमेकांना घासत होती.

"म्हणजे थेंब शे तो पावसाळा."

"हो, तसंच समजा."

"मंग मी काय सांगी ऱ्हायंतू?" आप्पा म्हणाले.

पलीकडे कोणीतरी ड्रिल मशीन सुरू केलं आणि रूथचं उत्तर त्यात बुडालं. आप्पांनी ते पुन्हा विचारलं नाही. फोन खिशात घातला, धोतराला लागलेलं केळीचं वाळकं सोपट झटकलं, आणि रिमोटवरची चित्रं शेवटी ऋतूंचीच असतात हे सांगायला भटू दुकानात असेल का याचा विचार करत ते ओळीतून बाहेर आले.